डाव्या खांद्याला भोक नसलेला शर्ट

एका जंगलात, मुलांनो, इतकी दाटी होती की घरट्यासाठीही पागडी द्यावी लागे. जंगलाच्या मधोमध सहा पदरी रस्ता होता. तो का होता हे कोणालाच माहीत नव्हतं, पण तो रुंद करायचं काम कायम चालू असे.

रस्त्याच्या कडेला साळींदरांचं एक घर होतं. आई, थोरला म्हादू आणि धाकटा किसन्या. सोळा दिवसांपूर्वी म्हादू रस्ता ओलांडायला गेला. अर्धा ओलांडला.

मागे खुंटीवर त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट राहिला.

आता साळींदराने शर्ट घातला की त्याची चाळणी होणार, हे तुम्हालाही कळतं. म्हादूच्या शर्टाचीही झाली होती. फक्त डावा खांदा शाबूत होता. म्हादू तो शर्ट बाजाराला जाताना घाली, आणि किसन्या त्याच्या डाव्या खांद्यावर बसून जाई. तेवढ्या जागेचे काटे म्हादू पाडून धरायचा. जाताना आणि येताना.

सतराव्या दिवशी किसन्या उठला तर खुंटी रिकामी. चुलीवर नवं कोरं पातेलं.

"आई, शर्ट कुठाय?"

"काल तू बाहेर होतास तेव्हा बोहारीण आली होती." आईने मागे वळून पाहिलं नाही. "मला त्या खुंटीकडे बघवत नव्हतं."

"आणि पातेल्याकडे बघवतं?"

"पातेल्यात चहा होतो, किसन्या."

किसन्याला विचार करायची सवय नव्हती. शाळेत तो तास सुरू झाला की तो बिळात जायचा. त्याने चुलीवरचं पातेलं उचललं आणि चहासकट धावत सुटला.

बोहारीण म्हणजे एक मुंगूसबाई. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं.

"मावशी, हे घे तुझं पातेलं. शर्ट दे."

"अरे बाळा, जुनेर माझ्याकडे रात्रभर तरी टिकतं का? पहाटेच जुन्या बाजारात गेलं. तरसशेठकडे बघ. आणि चहा सांडतोयस."

जुना बाजार वडाखाली भरायचा. पारंब्यांना कपडे टांगलेले. खाली चटयांवर एकेका पायाचे बूट, बंद घड्याळं, कुणाच्या तरी घराची किल्ली. पालिकेचा हत्ती यायच्या आत सगळं गुंडाळायचं, एवढाच तिथला कायदा.

आणि तिथली एक रीत होती. म्हादूनेच ती किसन्याला शिकवली होती. आवडलेल्या वस्तूकडे पाठ करायची आणि नावडत्या वस्तूचा भाव विचारायचा. "तोंडावर कंटाळा ठेव," तो म्हणायचा, "बाकीचं मी बघतो."

किसन्याला शर्ट दिसला. तो सरळ धावला आणि त्याने तो छातीशी धरला.

तरसशेठ मेलेल्यांच्या मागे उरलेल्या वस्तू विकायचा. धंदा पिढीजात होता. त्याने शर्टाकडे नाही, किसन्याकडे पाहिलं.

"हे पातेलं घ्या शेठ, शर्ट द्या."

"नुसता चाचपला असतास तर दिला असता, भाऊ. तू तर मिठी मारलीस. आता एका पातेल्यात नाही जमणार."

"माझ्या भावाचा आहे."

"इथलं सगळं कुणाच्या तरी भावाचंच आहे."

तेवढ्यात तिथे मोर आला. पाहुण्यांना बाजार फिरवून दाखवणं हे त्याचं काम. त्याच्या मागे दूरदेशचे दहा फ्लेमिंगो होते. जागा कमी असल्याने सगळे एका पायावर उभे राहिले.

"मंडळी, हा आपला शेकडो वर्षांचा बाजार," मोर म्हणाला. "वस्तू हातात घ्या, नाकाला लावू नका."

एका फ्लेमिंगोबाईची नजर शर्टावर गेली. "हे जाळीचं काम हाताने केलंय?"

"पाठीने," तरसशेठ म्हणाला. त्या दिवसात तो एवढंच खरं बोलला.

"आणि हा डावा खांदा बघा," मोर म्हणाला. "कारागिराने मुद्दाम अपूर्ण ठेवलाय. पूर्ण काम फक्त देवाचं, अशी या लोकांची श्रद्धा आहे."

"अपूर्ण नाही ते," किसन्या म्हणाला. "तिथे मी बसायचो."

आणि त्याने सगळं सांगून टाकलं. खांदा, काटे, रस्ता, पातेलं. फ्लेमिंगोंचे डोळे भरून आले. बाईंनी गळ्यातली दुर्बीण काढून शेठपुढे ठेवली. दुसऱ्याने तिच्यावर आपली टोपी ठेवली.

"गोष्टीसकट ना?" बाईंनी विचारलं.

"गोष्टीसकटच. पोरगा हवा असेल तर वेगळं बोलू."

किसन्याने पातेलं खाली ठेवलं आणि शर्ट अंगात घातला. घालून पळायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग त्याला डावा खांदा आठवला. त्याने तिथले काटे दाबून धरले. एक श्वास, दोन श्वास. पाचव्या श्वासाला मान दुखली, आठव्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हादू हे जातानाही करायचा आणि येतानाही. तेही गप्पा मारत.

हे लक्षात आलं आणि किसन्याला रडू फुटलं. रडू फुटलं की साळींदराचे काटे उभे राहतात. त्याला इलाज नाही.

टर्र.

डाव्या खांद्याची चाळणी झाली.

मोराने मान वाकडी करून पाहिलं. "आता पूर्ण झालं," तो म्हणाला. "अस्सल राहिलं नाही." बाईंनी दुर्बीण परत गळ्यात घातली. टोपी डोक्यावर गेली. सगळे पुढे बटणांची गल्ली बघायला निघाले.

"ठेव ते पातेलं आणि जा," तरसशेठ म्हणाला. "चहाही राहू दे."

किसन्या घरी आला. आई विझल्या चुलीपाशी बसली होती. तिने शर्ट पाहिला. मग डाव्या खांद्याच्या एका भोकात बोट घालून पाहिलं.

"पातेलं?"

"दिलं."

"बरं केलंस," आई म्हणाली.

त्या दिवशी तिने चहा तांब्यात केला. शर्ट परत खुंटीवर गेला. तिकडे बघायचं टाळत दोघं चहा प्यायले.

पुढच्या आठवड्यापासून तरसशेठच्या पारंबीला डावा खांदा शाबूत असलेले चाळीस शर्ट लटकू लागले. प्रत्येकाला एकेक भाऊ होता. मोर आता बाजाराची फेरी तिथूनच सुरू करतो.

तात्पर्य : जिवापाड आवडलेली वस्तू स्वस्तात हवी असेल, तर मुलांनो, घासाघीस करू नका, आधी ती स्वतःच फाडा. आणि दुःख सांगायचंच असेल तर दुकानदाराला सांगा. घरच्यांना त्याचं काय करावं ते कळत नाही. त्याला कळतं.