सात नंबरच्या खाटेवरचा आवाज

सकाळी साडेनऊला प्राध्यापक डॉक्टर वॉर्डात शिरले ते गड जिंकून आल्यासारखे. हृदयाची झडप नीट मिटत नसली की ठोक्यामागून ‘सूंऽ’ असा बारीक आवाज येतो. त्यावरचा त्यांचा सातवा शोधनिबंध कालच छापून आला होता. मागे बारा विद्यार्थी, आणि सात नंबरच्या खाटेवर नेमका तोच आजार! पेशंट काल संध्याकाळी दाखल झालेला. सरांनी त्याचा केसपेपर तेवढा वाचला होता.

“बटणं काढा,” म्हणत त्यांनी खाटेवरच्या माणसाच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटले. “वा! अगदी पुस्तकातला आवाज. ऐका एकेक जण.”

“हो सर!”

“एकदम स्पष्ट, सर.”

“सर, पाठीपर्यंत जातोय!”

अकरा जणांना ऐकू आला. बारावी मुलगी मात्र कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. “सर, मला नाही ऐकू येत.”

“कानात बोळे घातलेत का?”

“दोनदा ऐकलं सर. ठोके छान आहेत. बाकी काही नाही.”

सरांनी वैतागून पुन्हा नळी लावली. या वेळी डोळे उघडे होते. ठोके पडत होते, मागे सगळं शांत.

तेवढ्यात सिस्टर चाकाची खुर्ची ढकलत आल्या. “सर, सात नंबरचा एक्स-रे झाला.”

“दाजी!” खुर्चीतला माणूस ओरडला. “माझ्या खाटेवर काय करताय?”

“अरे, बसून बसून कंबर धरली. जरा पाठ टेकली, तर हे सगळे आले.”

“मग बोलला का नाहीत?” सर म्हणाले.

“तुम्ही बटणं काढा म्हणालात. डॉक्टरांपुढे कोण बोलणार?” दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. “पण आता मी उठत नाही. तुम्हाला धरून बारा जणांनी ऐकलंय!”

“मग मी कुठे झोपू?” खरा पेशंट म्हणाला.

शेवटी सरांनी स्वतः दाजींना नेऊन त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी केली. हृदय ठणठणीत. तरी दाजी म्हणाले, “लिहून द्या.” सरांनी लिहिलं, ‘हृदय उत्तम. चूक माझी.’ खाली सही केली.

घरी बायको पोट धरधरून हसली. “सात निबंध लिहिलेत, एक तरी मला कळलाय का? हा लिहा.”

सरांनी खरंच लिहिला: गुरुजींनी सांगितल्यावर नसलेला आवाजही कसा ऐकू येतो, यावर. त्यात पहिलं उदाहरण स्वतःच्याच कानांचं दिलं, आणि आपल्या नावाआधी त्या मुलीचं नाव घातलं. आधीच्या सातांना मिळून आली नव्हती इतकी पत्रं त्या एकाला आली. बहुतेकांत एकच मजकूर होता, ‘आमच्याकडेही असंच झालं होतं, कुणाला सांगू नका.’

पुढच्या महिन्यात वॉर्डात तसाच पेशंट आला. सरांनी त्याला दोनदा नाव विचारलं. मग नळी लावली. आवाज अगदी दणदणीत.

“ऐका.”

“काही नाही, सर.”

“हृदय एकदम साफ, सर! या वेळी नाही फसणार.”

अकराच्या अकरा जणांनी ठामपणे माना हलवल्या. मुलीने वाकून बराच वेळ ऐकलं. “येतोय की, सर! चांगला मोठा येतोय.”

अकरा जण बावचळून सरांच्या तोंडाकडे बघू लागले. सरांनी स्टूल ओढलं आणि पेशंटशेजारी ठाण मांडलं.

“पुन्हा ऐका सगळे,” ते म्हणाले. “सावकाश. मी काही बोलत नाही.”