चार बोटांची जागा

व्हॅन घरी आली ती स्वतःच्या चाकांवर नाही, एका ट्रकच्या पाठीवर बसून. चारही टायर बसलेले, मागचा बंपर तारेने बांधलेला, आणि बाजूच्या दाराला आतून हँडलच नाही. ती उतरवून झाल्यावर ट्रकवाल्याने एकदा व्हॅनकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि भाडं मागताना आवाज जरा खाली आणला. आजाऱ्याच्या घरी माणूस बोलतो तसा.

"रंग बघ नुसता!" नवरा म्हणाला. "चाळीस वर्षांची आहे, पण रंग बघ!"

रंग खरंच देखणा होता. खाली दुधी, वर आभाळी. खांद्यावर चार महिन्यांची लेक थोपटत ती दारातूनच म्हणाली, "खालून बघितलीस का?"

"खालून म्हणजे?"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना 'आता खालची ओळ वाचा' म्हणणारा माणूस, गाडी घेताना मात्र वरची ओळ वाचून परत आला होता.

तिला रागवायला हवं होतं. पण गुन्ह्यात तिचाही अर्धा वाटा होता. लेक झाल्यापासून घर माणसांनी भरलं होतं. सासूबाई आणि सासरे तर होतेच, नणंद दोन गल्ल्यांपलीकडून रोज येऊन दिवसभर थांबत होती. वाईट कोणीच नव्हतं. उलट सगळी इतकी चांगली होती की तक्रार करायला कुठे बोट ठेवावं तेच सापडत नव्हतं. बाळ रडलं की तिच्या आधी चार हात पुढे यायचे, आणि त्या चार हातांची पाच मतं असायची. एका दुपारी न्हाणीघरात, नळ सोडून, ती नवऱ्याला म्हणाली होती, "मला तीन दिवस फक्त आपण तिघंच हवीत. रजा संपायच्या आत. बाकी काही नको."

त्यावर या भल्या माणसाने व्हॅन आणली होती.

रजा संपायला सात महिने होते. ती ज्या कचेरीत कामाला होती तिथे पूल, गटारं आणि शाळांच्या इमारतींची अंदाजपत्रकं बनत, आणि ती बनवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने त्याच संध्याकाळी नवी वही काढली, टेप घेतली आणि व्हॅन इकडून तिकडून मोजली. मागच्या गल्लीत सुतारकाकांची शेड रिकामी होती, तिचं दार मोजलं. व्हॅन दारातून जात होती, वर चार बोटं जागा राहून. तिने वहीत लिहिलं: 'उंची तपासली. चार बोटं शिल्लक.' खाली दोन रेघा मारल्या आणि व्हॅन ढकलून शेडमध्ये घातली. कचेरीचा नियमच होता, एकदा मोजून दोन रेघा मारलेलं पुन्हा मोजायचं नाही, वहीत बघायचं. पुढच्या पानावर टायर, ब्रेक, वायरिंग, रंग, गाद्या, सगळ्याचे आकडे मांडले, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे 'अनपेक्षित खर्च, दहा टक्के' घातला. सगळ्यात वर लिहिलं, 'प्रवासी: तीन.'

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने वही वाचली नाही. खिशातून चुंबक काढलं आणि व्हॅनच्या कुशीला लावलं. चुंबक खाली पडलं. जरा पुढे लावलं, पुन्हा पडलं.

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे इथे पत्रा नाही. गंजाने खाल्ला, त्यावर कोणीतरी पुट्टी भरली आणि झकास रंग मारला. ताई, ही चाकापासून दारापर्यंत नुसती पुट्टी आहे बघा, व्हॅनच्या आकाराची."

"मी दहा टक्के अनपेक्षित धरलेत," ती म्हणाली.

मिस्त्रीने पहिल्यांदा वहीकडे आदराने पाहिलं. "जुन्या गाडीचं उलटं असतं ताई. दहा टक्के अंदाज धरायचा, बाकी सगळं अनपेक्षित."

आणि तसंच होत गेलं. पत्रा बदलायला सीट काढल्या, सीटखाली उंदरांनी कुरतडलेली वायरिंग निघाली. वायरिंगसाठी डॅशबोर्ड उतरवला, तर त्यामागे पाणी झिरपत होतं. पाण्याचा माग काढत गेलं तर काचांची रबरं गेलेली. रबरं शोधायला नवरा तीन रविवार भंगारबाजार पालथा घालत होता आणि परत येताना हमखास भलतंच काहीतरी घेऊन यायचा. एकदा तो अगदी हुबेहूब तसाच हॉर्न घेऊन आला. त्यांचा हॉर्न हा व्हॅनमधला एकमेव भाग होता जो चालू होता.

"दोन असू देत," तो म्हणाला.

तिने पदरचे वाचवलेले पैसे घातले. नवीन कपाट रद्द झालं. नवऱ्याने आपला स्वतःचा चष्मा बदलायचा पुढे ढकलला, आणि दुकानात येणारी माणसं दवाखान्याच्या दारात खोकणाऱ्या डॉक्टरकडे बघावं तशी त्याच्याकडे बघू लागली.

गंमत अशी की तिला मात्र शेडची ओढ लागली. मिस्त्री जेवायला गेला की ती लेकीला कडेवर घेऊन 'काम किती झालं बघून येते' म्हणून निघायची. व्हॅनमध्ये मागच्या डाव्या बाजूला बसायची. आधी नुसत्या पत्र्यावर, मग फळीवर. लेक मांडीवर झोपायची. वर सुतारकाकांच्या बहिणीचं शिवणयंत्र ऐकू यायचं, बाकी काही नाही. त्या अर्ध्या तासात ती कधी हिशेब लिहायची, कधी नुसतीच समोरच्या भिंतीकडे बघायची. मग लेक जागी व्हायची, ती पदर झटकायची, आणि घरी जाऊन 'अजून बरंच बाकी आहे' असं सांगायची. ते सांगताना तिला वाईट वाटत नसे.

सासूबाईंनी गाद्या शिवायचं अंगावर घेतलं. "बाहेर कशाला देता? मी काय हात बांधून बसलेय?" निळ्या पट्ट्यांचं कापड, दुहेरी शिवण, कडेला गोट. ते बघून मिस्त्रीसुद्धा चपला काढून व्हॅनमध्ये चढू लागला.

शेवटी रजेचे चार दिवस उरले. सोमवारी तिला कचेरीत हजर व्हायचं होतं. गुरुवारी सकाळी तिघं निघणार, रविवारी परत. पिशव्या भरल्या. सासूबाईंना काय सांगायचं यावर दोघांनी तीन रात्री खल केला आणि अखेर काहीच न सांगता "एक चक्कर मारून येतो" एवढंच म्हणायचं ठरलं.

गुरुवारी मिस्त्रीने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात बोललं. नवऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. व्हॅन दिमाखात दाराकडे निघाली आणि वर खर्रर्र आवाज झाला.

"थांब! थांब!"

दारावरच्या तुळईला छत टेकलं होतं.

"शक्य नाही," ती म्हणाली. "चार बोटं शिल्लक आहेत." आणि तिने वही उघडून दोन रेघा दाखवल्या.

मिस्त्री खाली उतरला. व्हॅनकडे बघितलं, तुळईकडे बघितलं, मग अगदी हळुवारपणे विचारलं, "ताई, हे तुम्ही कधी मोजलं?"

"आली त्या दिवशी."

"टायर बसलेले होते तेव्हा. खालच्या स्प्रिंगा तुटलेल्या होत्या तेव्हा."

सात महिने त्यांनी त्या बिचारीला औषधपाणी करून उभं केलं होतं, आणि उभी राहिल्यावर ती दारात मावत नव्हती. तिने टेप लावली. तीन बोटं जास्त. नवऱ्याने तोंड उघडलं. गेले सात महिने 'आधी मोजावं, मग आणावं' हे वाक्य त्याने आठवड्यातून दोनदा ऐकलं होतं. पण तिच्याकडे बघून त्याने तोंड मिटलं. संसारात माणसाला यापेक्षा मोठी भेट देता येत नाही.

"तुळई तोडू या का?" त्याने दाराशी उभ्या सुतारकाकांना विचारलं.

"तोड की. वर माझी बहीण राहते, तिला तेवढं सांगून ये."

"हवा काढू," मिस्त्री म्हणाला. "पण पूर्ण काढली तर नवे टायर फाटतील. अर्ध्या हवेत दोन बोटं सुटतील."

दोन सुटली. एक उरलं.

"आता वजन टाकायचं. नव्या स्प्रिंगा आहेत, दबतील. चार-पाच क्विंटल वाळूची पोती..."

"वाळू?" दारातून आवाज आला. सासूबाई. त्यांच्यामागे सासरे आणि नणंद. इंजिनाचा आवाज गल्लीभर गेला होता. "माझ्या गाद्यांवर वाळूची पोती? मी दुहेरी शिवण घातलीय ती यासाठी? माणसं मेलीत का इथे?"

आणि त्या चपला काढून आत चढल्या.

पुढे सगळं आपोआप झालं. सासरे चढले, नणंद चढली, "माझंही वजन काही कमी नाही" म्हणत सुतारकाका चढले. वरून त्यांची बहीण उतरली. तिला सगळी गल्ली आत्याबाई म्हणत असे.

"किती किलो लागतंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुम्ही बसा, मग मोजू," मिस्त्री म्हणाला.

"शहाणा आहेस. विचारलं असतंस तर परत वर गेले असते."

मागे नवरा बसला, स्टिअरिंगला मिस्त्री. लेकीला सासूबाईंनी मांडीवर घेतलं, "हिचे पण आठ किलो आहेत." ती एकटी बाहेर टेप घेऊन तुळईखाली उभी होती. व्हॅन इंचाइंचाने सरकली. छत आणि तुळई यांच्यात आता नखाएवढंच अडत होतं.

"अगदी थोडं राहिलं!" ती ओरडली.

आतून सात चेहरे तिच्याकडे वळले. लेकीचा आठवा.

"अगं, मग तू बाहेर काय करतेस?" सासूबाई म्हणाल्या.

ती आत गेली. मागची डावी जागा तेवढी रिकामी होती. ती बसली, व्हॅन किंचित खाली झाली, वरून एक शेवटचा कुरकुर आवाज आला, आणि एकदम ऊन अंगावर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने दोन्ही हॉर्न वाजवले.

"चला," नवरा घाईघाईने म्हणाला, "आता उतरा सगळे, फार उपकार झाले. हवा भरतो आणि आम्ही जरा एक चक्कर..."

कोणी हललं नाही.

"गाडी संध्याकाळी कुठे ठेवणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"शेडमध्येच. गल्लीत ठेवली तर वाट अडेल."

"मग आत घालायला आम्ही लागणारच ना?" सासूबाई म्हणाल्या. "चढलेलं माणूस उतरवायचं, परत चढवायचं, कशाला तो खटाटोप?"

तीन दिवसांच्या पिशव्या पायाशी दाबून व्हॅन निघाली. वाटेत हवा भरून झाली. आत्याबाईंनी खिडकी मागितली, नणंदेने गाणं धरलं, सुतारकाका मिस्त्रीला गिअर कसा टाकावा ते सांगत राहिले. नवऱ्याने तिच्याकडे बघून खांदे पाडले. तिने बाहेर बघितलं. चार दिवस, आणि तेही गेले.

गावाबाहेरच्या तळ्याशी व्हॅन थांबली. सगळी उतरली. तीही उतरायला उठली तर सासूबाईंनी तिला हाताने खाली बसवलं आणि लेकीला कडेवर घेतलं.

"तू बस. दार ओढून घे. तासभर इकडे कोणी फिरकणार नाही, मी बघते."

"आई, पण..."

"रोज दुपारी त्या फळीवर बसायचीस. जिन्यावरून आत्याबाईंना दिसत नाही का?" त्या गादीवर हात फिरवत म्हणाल्या. "या कोपऱ्यात कापूस जास्त भरलाय मी. कळला नाही तुला?"

त्या गेल्या. दार बंद झालं. तिने बसल्या जागी गादी दाबून बघितली. खरंच, ती बाजू मऊ होती.

नवरा शेजारी येऊन बसला, काहीतरी मोठं बोलणार असा चेहरा करून, आणि पाच मिनिटांत तिच्या खांद्यावर झोपी गेला. बाहेर पाण्याच्या काठाने लेकीला घेऊन सासूबाई चालत होत्या. मागून कोणी जवळ यायला लागलं की हात वर करून त्याला लांब पाठवत होत्या. आत अगदी शांत होतं. तिला हवं तसं.

तिने पिशवीतून वही काढली. 'उंची तपासली' यावर काट मारली. मग पुढचं पान उघडलं, 'प्रवासी: तीन' यातलं 'तीन' नीट खोडलं आणि अंदाजपत्रकाच्या अक्षरात लिहिलं:

'किमान नऊ. त्याखाली गाडी बाहेर निघत नाही.'

आणि खाली दोन रेघा मारता मारता थांबली. एकच मारली.