आभार बाकी असताना

कार्यक्रम संपलेला नाही हे मला दुसऱ्या दिवशी सतरंज्यांवरून कळलं. त्या कुणी गुंडाळल्या नव्हत्या. आज त्याला आठ महिने झाले, आणि माझी ताई अजून नगरपरिषदेच्या सभागृहात, व्यासपीठावर डावीकडून तिसऱ्या खुर्चीत, शाल पांघरून आणि नारळ मांडीवर घेऊन बसलेली आहे.

सत्कार युवा स्वयंसेवकांचा होता. सात जण होते. कुणी ओढा साफ केला होता, कुणी वीटभट्टीवरच्या मुलांना वाचायला शिकवलं होतं. माझी ताई, नयना, तीन वर्षं दर रविवारी खालच्या आळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नखं कापायची. ऐकायला हसू येतं. पण ज्याला दिसत नाही आणि वाकताही येत नाही, त्याच्या पायाची नखं कोण कापणार, हा प्रश्न आमच्या गावात तिच्याआधी कुणाला पडला नव्हता.

कार्यक्रमपत्रिकेवर अकरा बाबी होत्या. अकरावी आभारप्रदर्शन, ते माझ्याकडे. मी तीन कागद लिहून काढले होते. माइकपाशी गेले, माइकने शीळ घातली, आणि मी दचकून पळाले ती थेट घरी येऊन पांघरुणात शिरले. श्रोते पांगले, श्रोत्यांना ती मोकळीक असते. व्यासपीठावरच्यांना नसते.

मी दुसऱ्या दिवशी ताईला म्हटलं, खाली ये, घरी जाऊ.

"आभार झाल्याशिवाय?" ती म्हणाली. "बरं दिसतं का ते?"

बाकीच्या सहा जणांनी माना हलवल्या. सगळ्यांवर चांगले संस्कार झालेले होते.

तेव्हापासून त्यांच्यापैकी कुणी काही खाल्लेलं नाही, कारण पत्रिकेच्या तळाशी 'आभारानंतर अल्पोपहार' असं छापलं आहे. त्यांना भूक लागत नाही. केस वाढत नाहीत. नखं मात्र वाढतात. नारळांतलं पाणी केव्हाच आटलं. कुणी जरा हललं की आतले गोटे खडखडतात. आई दुपारी पहिल्या रांगेत बसून मेथी निवडते. सुरुवातीला ती ताईशी बोलायची. आता नुसती निवडते.

मी कार्यालयात जाऊन हेडक्लार्क पोफळे यांना भेटले. म्हटलं, मी आज आभार मानते, कागद माझ्याकडे आहेत.

पोफळ्यांनी फाइल काढली. माझं पहिलं वाक्य काय आहे ते विचारलं. मी वाचून दाखवलं: अध्यक्षांच्या परवानगीने मी आभारप्रदर्शनासाठी उभी आहे.

"अध्यक्षांची परवानगी आहे?"

अध्यक्ष आठव्या बाबीनंतर, पुढच्या कार्यक्रमाला जायचं असल्याने सर्वांची क्षमा मागून गेले होते. ते वाक्य गाळता येईल का, असं मी विचारलं. पोफळ्यांनी चष्मा काढून ठेवला. माझ्या शिक्षणाचं त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मला अध्यक्षांचा नंबर दिला. मी रोज अकरा वाजता तो लावत आले. रिंग पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची.

दुसऱ्या महिन्यात खालच्या आळीतल्या गयाबाई भिंतीला धरून धरून सभागृहात आल्या. त्यांचा अंगठा चपलेत जाईना. ताईने खालून वरपर्यंत त्यांचा पाय पाहिला, खुर्चीच्या कडेपर्यंत सरकली आणि थांबली. मग मला म्हणाली, "माझ्या पर्समध्ये नेलकटर आहे. आधी कोमट पाण्यात पाय बुडवायचे. आणि कापताना बोलत राहायचं, म्हणजे म्हातारी माणसं पाय ओढून घेत नाहीत."

माझे हात इतके कापत होते की पहिल्याच दिवशी रक्त काढलं. गयाबाई म्हणाल्या, "भित्री हायेस. पन हात हलका हाय तुजा." त्या दिवशी मी घरी येऊन रडले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले. चौथ्या महिन्यात माझे हात कापायचे थांबले. सहाव्यात खालच्या आळीतली कुत्री माझ्यावर भुंकेनाशी झाली. गॅलरीतून कुणीतरी कुणालातरी सांगायचं, ती आली बघ. मला आयुष्यात पहिल्यांदा, मी येण्याची कुणी वाट बघतं असं वाटलं.

मग गेल्या बुधवारी पोफळ्यांनी मला बोलावून घेतलं. माझं काम वरपर्यंत गेलं आहे, म्हणाले. सत्कार ठरला आहे. सभागृह रिकामं नसल्यामुळे वेगळा कार्यक्रम घेता येत नाही, तेव्हा चालू कार्यक्रमातच पुरवणी बाब म्हणून सोमवारी उरकू. अध्यक्षांची खुर्ची मोकळीच आहे.

मी म्हटलं, मग आभार?

"सत्कार झालेल्याने उत्तर द्यायचं असतं. आभार नाही मानायचे." त्यांनी शाईचा पॅड बंद केला. "ती बाब मग रिक्त राहील."

मी नकार देईन, असं म्हणणार होते. पण तेवढ्यात पोफळे अदबीने म्हणाले की गावाचा मान आहे, नाही कसं म्हणणार. आणि मला ते पटलं. मी दचकले नाही, याचीच मला भीती वाटली.

आज रविवार. खालच्या आळीतून मी सरळ सभागृहात आले. बोलावल्याशिवाय व्यासपीठावर चढता येत नाही, म्हणून ताईला म्हटलं, हात खाली सोड. ती वाकली आणि उजवा हात कडेवरून खाली सोडला. नखं आतल्या बाजूला वळली होती. अध्यक्षांचा नंबर लावून, स्पीकर चालू करून मी फोन व्यासपीठाच्या कडेवर ठेवला आणि कापायला घेतलं.

बोलत राहायचं असतं, म्हणून मी विचारलं, "इथं बरं वाटतं का गं? येणारा जाणारा नमस्कार करतो."

"करतो की." नारळ खडखडला. "गयाबाई कधी नमस्कार करायची नाही. मांडीवर पाय टाकायची आणि घोरायची." डाव्या हाताने शाल सावरत म्हणाली, "ते बरं होतं."

आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली होती. फोनमधली रिंग वाजत होती. अंगठा झाला, मग तीन बोटं. ताईचा हात गार आणि हलका होता. आता करंगळीच राहिली होती, आणि रिंग मध्येच तुटली.

फोन उचलून पलीकडे कुणीतरी घसा साफ केला. मागे कुठेतरी माइकची शीळ वाजून विरली. मग एक बाई अगदी दबक्या आवाजात बोलली.

"हळू बोला हं. अध्यक्षसाहेब व्यासपीठावर आहेत, आभार व्हायचेत अजून."