सरांची उजवी भुवई

खुर्ची सुनेची होती, दिवा सुनेचा होता, दवाखाना सुनेचा होता. दुखणारी दाढ तेवढी सरांची होती. पण सूचना द्यायला सरांना मालकी हक्क कधीच लागत नसे.

"तो दिवा जरा डावीकडे घे. आणि सुई नवीन आहे ना?"

"नवीन आहे, बाबा. तोंड उघडा."

"उघडतो. पण आता पाच वाजलेत आणि सहाला मीटिंग आहे. तोवर मला नीट बोलता आलं पाहिजे."

"येईल. खालचा ओठ थोडा जड लागेल, एवढंच."

त्या मीटिंगवर सगळं येऊन ठेपलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी ठराव आणला होता की तळमजल्यावरचा हा दवाखाना बंद करावा. ड्रिलच्या आवाजाने त्यांची दुपारची झोप मोडते आणि सुजलेल्या गालांची माणसं जिन्यात बसल्यामुळे इमारतीची शान जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. सुनेने नोकरी सोडून जेमतेम सहा महिन्यांपूर्वी दवाखाना थाटला होता. ठराव पास झाला, तर तिला पुन्हा दुसऱ्याच्या दवाखान्यात दुसऱ्याची बोलणी खात उभं राहावं लागणार होतं.

घरात मात्र कोणाला फारशी काळजी नव्हती, कारण सरांकडे त्यांची उजवी भुवई होती. सरांनी सगळी नोकरी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करण्यात घालवली होती. ते ओरडत नसत, मारत नसत, जागचे हलतही नसत. फक्त उजवी भुवई वर जायची आणि मागच्या बाकावरचा मुलगा कॉपीचा कागद चावून गिळायचा. निवृत्तीनंतर सर सोसायटीचे सचिव झाले आणि तीच भुवई मीटिंगमध्ये काम करू लागली. ती वर गेली की बोलणारा माणूस वाक्य अर्धवट टाकून खाली बसे. वकिलांना तर गेल्या सहा वर्षांत एकही वाक्य पूर्ण करता आलं नव्हतं.

सुनेने सुई आत घातली आणि सरांनी, सवयीने, भुवई वर केली. सुनेने घाबरून नजर वळवली. नेमक्या त्या क्षणी हात थोडा जास्त मागे गेला.

काही मिनिटांनी चूळ भरायला दिलेलं पाणी सरांच्या ओठातून सरळ सदऱ्यावर आलं.

"बाबा, जरा हसा बघू."

"कशाबद्दल?"

"असंच."

सर हसले. म्हणजे त्यांची डावी बाजू हसली. उजवी बाजू पर्यवेक्षणच करत राहिली.

"आता कपाळाला आठ्या घाला. डोळे मिटा. भुवया वर करा."

डावीकडे सगळं झालं. उजवीकडे काहीच झालं नाही. उजवा डोळा मिटेना, आठी पडेना आणि ती सुप्रसिद्ध भुवई जागची हलेना. सून आतल्या खोलीत गेली, आपल्या कॉलेजच्या मॅडमना फोन लावला, सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि जरा सावरून बाहेर आली.

"बाबा, सुई थोडी मागे गेली. कानाच्या खाली-पुढे लाळेची मोठी ग्रंथी असते, पॅरोटिड. तिच्यातून चेहरा हलवणारी नस जाते, फेशियल नर्व्ह. औषध तिला लागलं आणि ती झोपली."

"झोपवायची होती दाढ!"

"दाढही झोपलीय."

"म्हणजे एकावर एक फुकट. आणि ही नस उठणार कधी?"

"दोन-तीन तासांत. औषध उतरलं की आपोआप."

"पण सुई मागे गेलीच कशी?"

सून जमिनीकडे बघत म्हणाली, "तुम्ही भुवई वर केलीत."

यावर सरांना भुवई वर करायची फार इच्छा झाली.

डोळा मिटत नव्हता, तो कोरडा पडू नये म्हणून सुनेने पापणी खाली ओढून चिकटपट्टी लावली. दाढेचं काम उद्यावर ढकललं. "कोणाला कळता कामा नये," सरांनी बजावलं. पण वाक्यातला शेवटचा शब्द संपायच्या आत सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी जी किंकाळी फोडली, ती जिन्यातून चढत थेट गच्चीपर्यंत गेली.

"अहो! हे तोंड वाकडं कसं झालं? अर्धांगाचा झटका आला हो यांना!"

"अगं, हळू!" सर म्हणाले. निदान तसं म्हणायचा त्यांनी प्रयत्न केला. 'हळू'ला ओठ मिटावे लागत नाहीत म्हणून तेवढं नीट आलं.

संध्याकाळी गाड्या बाहेर काढून पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. सरांनी खांबाच्या आडोशाची खुर्ची धरली आणि उजवा गाल खांबाला लावून बसले. वकील बोलायला उठले. "सदर दवाखान्यामुळे" एवढं म्हणून ते सवयीने थांबले आणि त्यांनी सरांकडे चोरून पाहिलं. कुठेच काही वर गेलं नाही. वकिलांनी वाक्य पूर्ण केलं. मग दुसरं केलं. मग त्यांना असा काही सूर सापडला की परिच्छेदच्या परिच्छेद बाहेर पडू लागले.

ते पाहून बाकीच्यांनाही धीर आला. कोणी लिफ्टच्या पंख्याचं काढलं, कोणी वरून ठिबकणाऱ्या कुंड्यांचं. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ आजवर तोंडातून शब्द काढत नसत, ते उभे राहून शेजारच्यांच्या पूजेच्या घंटेच्या आवाजावर बोलू लागले. आपल्या इमारतीत इतके वक्ते राहतात, याची कोणालाच कल्पना नव्हती.

सरांना राहवेना. ते काहीतरी बोलायला वळले आणि चिकटपट्टी उजेडात आली.

"हे बघा!" वकील ओरडले. "किंकाळी ऐकली तेव्हाच मला शंका आली होती! सरांना झटका आलाय आणि घरचे लपवतायत! त्या दवाखान्यात बसल्या बसल्या आलाय!"

एकच गलका झाला. कोणी गाडी काढायला निघालं. सासूबाई पुन्हा रडू लागल्या. सरांनी सुनेला हाताने 'गप्प राहा' अशी खूण केली. खूण सुनेला दिसली, तरी ती उभी राहिली.

"वकीलकाका, झटका नाही. माझी चूक आहे. माझी सुई मागे गेली."

गाडी काढायला निघालेला माणूस किल्ली हातात धरून परत आला.

"मेंदूचा झटका असता तर तोंड वाकडं झालं असतं, पण भुवई चालली असती. कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. एक बाजू बंद पडली तरी दुसरी सांभाळून घेते. बाबांचे हातपाय चालतायत, बोलणं कळतंय आणि भुवई बंद आहे. म्हणजे बिघाड वर नाही, इथे गालातल्या नसेत आहे. माझ्या मॅडमशीही मी बोलले आहे. औषध आता उतरेलच."

"आणि नाही उतरलं तर?" वकिलांनी विचारलं.

"आठपर्यंत मीटिंग आहे ना? तोवर भुवई हलली नाही, तर मी बाबांना मॅडमच्या हॉस्पिटलमध्ये नेईन आणि उद्या दवाखान्याला स्वतः कुलूप लावीन. तुमचं मतदानही नको."

मग एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या भुवईच्या धाकाने लोक सहा वर्षं खुर्च्या मागे सरकवत आले होते, तिच्याकडे सगळ्यांनी खुर्च्या पुढे सरकवल्या. सुनेने पट्टी काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चष्मा पुसून सगळ्यांत पुढे बसल्या.

"हलली!"

"ती माशी होती हो, आजी."

"सर, जोर लावा!"

"लावतोय," सर म्हणाले. ओठ आता झिणझिणत होता. पापणी अर्धी मिटली, त्यावर टाळ्या पडल्या. भुवई मात्र ढिम्म. सुनेने दोन्ही हातांच्या मुठी आवळल्या होत्या. आठ वाजायला थोडाच वेळ उरला.

वकिलांचा धीर सुटला. "कशाला खोळंबायचं? पाच-दहा मिनिटांनी काय होतंय? द्या घड्याळ पुढे करून आणि वेळ संपली म्हणून टाका!"

घड्याळ पुढे करायचं! पर्यवेक्षकासमोर! सरांच्या कपाळावर उजवीकडे एक बारीक आठी उमटली. मग दुसरी. आणि मग ती भुवई, आधी थरथरत आणि मग तिच्या जुन्या दिमाखात, वर वर गेली.

"म्हणजे माझं असं म्हणणं होतं की..." वकील म्हणाले आणि वाक्य अर्धवट टाकून खाली बसले.

पार्किंग टाळ्यांनी दणाणून गेलं. आजींनी सुनेला कवटाळलं. सासूबाई आता आनंदाने रडू लागल्या. ठराव मताला टाकला तेव्हा बाजूने एकही हात वर गेला नाही, वकिलांचासुद्धा. त्यांचा हात गालावर होता.

सगळे पांगल्यावर वकील घुटमळत सुनेजवळ आले. "डॉक्टर, चूक कबूल करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. माझीही खालची डावी दाढ दोन महिने ठणकतेय. दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही."

"मग ड्रिलचा आवाज?"

"तो ऐकला की जास्त ठणकते," वकील खालच्या आवाजात म्हणाले.

"उद्या सकाळी या, काका."

"आधी माझी दाढ," सर मध्येच म्हणाले. "मग यांची. यांच्या वेळी मी शेजारी उभा राहीन. दिवा कुठे धरायचा ते..."

"बाबा, तुमची दाढ काढताना तुम्ही डोळे मिटून बसायचं. आणि काकांच्या वेळी दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही."

सरांची भुवई वर गेली. पूर्ण वर गेली. सुनेने या वेळी नजर वळवली नाही. ती सरळ त्या भुवईकडे बघत राहिली आणि मग तिने शांतपणे आपली उजवी भुवई वर केली.

वकील श्वास रोखून बघत होते. सरांची भुवई हळूहळू खाली आली.

"बरं," सर म्हणाले आणि खुर्च्या आवरायला लागले.