तिरकस पडद्याची चोरी

कमलाकांत चुरी यांना विचारलं, तर डहाणूपासून थेट गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांच्याइतका तल्लख गुप्तहेर दुसरा नव्हता. तारापूरच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते, पण ते निव्वळ वेषांतर. अठरा वर्षं चाललेलं हे वेषांतर इतकं बेमालूम होतं, की पगारसुद्धा टाइमकीपरचाच मिळायचा.

त्यांची बायको नलू हिचं दुःख निराळं होतं. लग्नानंतर तिने एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. पाचव्या मिनिटाला कमलाकांत उभे राहून “खुनी तो माळीच!” असं गरजत आणि सहाव्या मिनिटाला दोघं बाहेर रस्त्यावर असत. माळी बहुधा निर्दोष निघायचा, पण ते बघायला आत कोण असायचं?

म्हणून एकोणऐंशीच्या श्रावणात बोईसरच्या फिल्म मंडळाने स्वतंत्र सिनेमांचा महोत्सव जाहीर केला, तेव्हा नलू हरखून गेली. पत्रकात पहिल्याच सिनेमाबद्दल लिहिलं होतं, ‘एका बाईचा एक दिवस. अवधी दीड तास. या चित्रपटात काहीही घडत नाही.’ खून नाही, चोरी नाही, माळी तर नाहीच नाही. तिने पत्रक देवघरात ठेवलं आणि रोज हळदकुंकू वाहताना एकदा वाचू लागली.

आणि महोत्सवाच्या आदल्या दिवशी हॉलमधला पडदाच नाहीसा झाला.

“मिळाला नाही तर उद्या सगळं रद्द,” मंडळाचे सेक्रेटरी अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले. नलूने देवघरातल्या पत्रकाला मनातल्या मनात हात जोडले. कमलाकांतांचा चेहरा मात्र दिवाळी आल्यासारखा उजळला.

पडदा जरा विचित्रच होता. एका बाजूला उंच, दुसरीकडे उतरता. कलात्मक सिनेमाचा पडदा तिरकसच असतो, अशी मंडळात सर्वांची समजूत होती. तो ज्यांनी आणला ते जुने सेक्रेटरी बदली होऊन नागपूरला गेले होते, त्यामुळे शंका विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

कमलाकांतांनी भिंत हुंगली. “मासळीचा वास! गुन्हेगार मासे खाणारा आहे.”

“मग पालघर तालुक्यात निर्दोष कोण उरलं?” नलू म्हणाली.

त्यांनी खिळ्याला राहिलेला दोराचा तुकडा उचलला. “ही गाठ बघ. खलाशाची! म्हणजे परदेशी जहाज. आंतरराष्ट्रीय टोळी आहे ही.” पाच मिनिटांनी टोळी मागे पडली आणि संशय सालवडच्या बँडवाल्यांवर गेला, कारण त्यांचे नवे पांढरे गणवेश डोळ्यांत भरण्याइतके कडक होते. एका पिपाणीवाल्याची विजार उलटी करून तपासताना थोडी मारामारी झाली.

“अहो, हॉलच्या चौकीदाराला विचारलंत का?”

“चौकीदाराला विचारणं हे हौशी लोकांचं काम!” कमलाकांत ओठावरची सूज दाबत म्हणाले.

नलू सरावलीला घरी आली ती रडकुंडीला येऊन. दारात सातपाटीची मासेवाली जमना डोक्यावरची पाटी उतरवत होती. दोन महिन्यांनी ताजे पापलेट आले होते. नलूने भाव न करता सगळी हकिकत सांगितली.

“तिरका? काळ्या काठाचा?” जमनाने विचारलं.

“काठ आम्हीच शिवलाय. तुला गं काय माहीत?”

“बाय, तो पडदा कसला? आमच्या होडीचा शीड हाय तो! तुमचा आधीचा सायेब पावसाळ्यापुरता घेऊन गेलेला. नारली पुनवेला परत न्या बोल्ला. पुनव झाली, होड्या सुटल्या, म्हनून आमचे जाऊन घेऊन आले. चौकीदारानंच घडी घालून दिला. बिचाऱ्यानं चाय पन पाजली.”

नलू पाटी तिथेच सोडून बसस्टॉपकडे धावली.

सातपाटीच्या किनाऱ्यावर जमनाच्या नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “शीड आमी उतरवनार नाय. मशीन दगा देतो, शिडाबिगर दर्यात जाता येत नाय. उद्या सांजचे होडी लागेल. तुमचा सिनेमाच इथं आना.”

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली. दिवे लागताना बर्फाच्या शेडमधून वीज ओढून अण्णांनी प्रोजेक्टर वाळूत मांडला. होडीवर शीड चढलं. मंडळाचे पंधरा रसिक पुढे बसले आणि मागे अख्खा कोळीवाडा. पण वारा सुटला, शीड फडफडू लागलं. खालचा दोर कोणीतरी धरून बसणं भाग होतं.

“तुम्हीच धरा,” नलू कमलाकांतांना म्हणाली. “टोळी समुद्रातून आली तर? पडद्याकडे पाठ करून बसा. नजर पाण्यावर हवी.”

कमलाकांत छाती फुगवून शिडामागे जाऊन बसले.

पडद्यावरच्या बाईने अंगण झाडलं, पाणी भरलं, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. खरंच काही घडलं नाही. शेवटी ती उंबऱ्यावर बसली आणि स्वतःसाठी केलेला चहा गरम असताना प्याली. मागे बसलेल्या बायकांनी माना उंचावून बघितलं. नलूला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. इतक्या सुखात ती कित्येक वर्षांत रडली नव्हती.

“नलू!” शिडामागून कमलाकांतांचा कासावीस आवाज आला. “काय झालं गं शेवटी?”

“मी नाही सांगणार,” नलू डोळे पुसत म्हणाली आणि पुढच्या सिनेमासाठी जमनाशेजारी मांडी घालून नीट बसली.