होल्गरच्या पोस्टाची मागची भिंत

होल्गर बुंडगार्डने छपराचा शेवटचा ठोकळा दाबून बसवला, तेव्हा लिस्बेटला आपलं जेवणाचं टेबल आठ महिन्यांनी मोकळं होण्याची आशा वाटू लागली.

"म्हणजे आता माणसांसारखं बसून जेवायचं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"सोमवारी वाचनालयात हलवतो. गुरुवारी स्पर्धेचे परीक्षक येतायत. पहिला आलो तर थेट कोपनहेगनचं प्रदर्शन!"

होल्गरने व्हेस्टरलुंडमध्ये एकतीस वर्षं टपाल वाटलं होतं. पुढे पोस्ट बंद झालं आणि तिथे केशकर्तनालय आलं. तेच पोस्ट त्याने खेळण्यातल्या ठोकळ्यांचं उभं केलं: खिडक्या, वजनकाटा, टपालपिशव्या अडकवायचे आकडे, त्याला दोनदा चावलेला कुत्रासुद्धा. दर्शनी भिंतीतल्या फटीत पत्र टाकलं की ते घसरत मागच्या खोलीत जाई. पोरांनी उचकटू नये म्हणून छप्पर त्याने असं गुंतवलं होतं, की ते उघडणं त्यालाही जमलं नसतं.

ग्रंथपाल मेटेने गमतीने पाटी लावली: 'आपलं पोस्ट पुन्हा सुरू!' गावातली शेवटची टपालपेटी वसंतातच उचलून नेली होती. शहाऐंशी वर्षांच्या गुद्रुनआजींनी पाटी वाचली आणि बहिणीच्या वाढदिवसाचं कार्ड आत सोडलं. त्यांचं पाहून इतरांनीही.

मंगळवारी मेटेचा फोन आला. "होल्गर, तुझी मागची भिंत पोटुशी दिसतेय."

होल्गर धावला. आत चाळीसेक पत्रं कोंबलेली.

"छप्पर फोडलं तर परत बसवायला तीन आठवडे लागतील," तो कळवळला.

"मग राहू देत की पत्रं," मेटे म्हणाली.

"राहू देत?" मागून आवाज आला. एगॉन, निवृत्त पोस्टमास्तर. "पेटीत पडलं ते टपाल. ते राहत नसतं."

"साहेब, पेटी खेळण्यातली आहे."

"आणि पत्रं?"

होल्गर घरी जाऊन लिस्बेटची विणकामाची सुई घेऊन आला. ती फटीत घालून त्याने घाम गाळत एकोणीस पत्रं ओढून काढली आणि सायकलवरून घरोघर पोचवली.

"गुडघ्यासाठीच निवृत्ती घेतली होतीस ना रे?" त्याच्या पायाला बर्फ लावत लिस्बेट म्हणाली.

पण टाकलेलं पत्र त्याच दिवशी पोचतं, ही बातमी गावभर झाली. असं तर खऱ्या पोस्टातही कधी झालं नव्हतं! बुधवारी वाचनालयात रांग लागली. होल्गर सुईने एक काढी, तोवर लोक तीन टाकत.

गुरुवारी परीक्षक आले. मुख्य परीक्षक सोल्वाय थोरूपबाई मोजपट्टी घेऊन मागच्या भिंतीपाशी वाकल्या. नेमक्या त्याच वेळी पुढच्या बाजूला रांगेत पहिल्या असलेल्या गुद्रुनआजी एक जाडजूड पाकीट अंगठ्याने आत रेटत होत्या.

"आजी, नको!" होल्गर ओरडला.

"जाईल रे, जाईल!"

कट्ट आवाज झाला. भिंत फुटली आणि सबंध गावचं टपाल थोरूपबाईंच्या बुटांवर कोसळलं.

बाईंनी शांतपणे नियमावली उघडली. "स्पर्धा प्रतिकृतींची आहे. चालू पोस्टाला बक्षीस देता येत नाही. माफ करा."

होल्गर बालविभागातल्या इवल्याशा खुर्चीत मटकन बसला. आठ महिने पाण्यात! एगॉन मात्र केव्हाच गुडघ्यांवर बसून गल्लीवार पत्रं लावू लागला होता.

"बसलास काय? मोलेवाय गल्लीचं वाटप तुझ्याकडेच ना?"

होल्गर उठला. हात आपोआप चालू लागले. दोन परीक्षक गाडीकडे गेले. थोरूपबाई तिथेच घुटमळत राहिल्या. मग त्यांनी गुणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर भराभर चार ओळी खरडल्या आणि घडी घातली.

"माझी आई इथल्या वृद्धाश्रमात आहे," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षभर आमचं बोलणं नाही. समोर जायचा धीर होत नाही. हे... आज पोचेल?"

होल्गरने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"पोचेल की. पण मध्ये घुसायचं नाही, बाई. रांग तिकडून आहे."