सायंकाळची पाहुणी

रत्नमालाबाई लांजेवार रोज दुपारी बारा वाजता दोन डोळ्यांनी घराबाहेर पडत आणि संध्याकाळी सहा वाजता दीड डोळ्याने परत येत. यात बेकायदेशीर असे काही नव्हते. दुपारी चारनंतर त्यांची डावी पापणी खाली यायची, आणि अर्ध्यावर असताना एका वस्तूच्या दोन दिसायच्या. डॉक्टरांनी आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस असे सांगितले होते. नस हुकूम देते, पण स्नायू लवकर थकतो आणि ऐकत नाही. विसावा मिळाला की पुन्हा कामाला लागतो.

"म्हणजे पापणी फर्स्ट शिफ्टची आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या. "सकाळी हजर, दुपारी सुट्टी. आमच्या ह्यायचंबी असंच होतं."

'आमचे हे' म्हणजे कै. हिरालाल, पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधले. बत्तीस वर्षे ते शिफ्ट सुटल्यावर काळ्याठिक्कर चेहऱ्याने घरी आले. तेव्हा ते राहत त्या सेक्टरच्या तोंडाशी एक बांबू आडवा असे आणि त्यापाशी बसणारा म्हातारा सायकलीच्या घंटीवरून माणूस ओळखी. सकाळचा गोरा हिरालाल आणि दुपारचा काळा हिरालाल एकच कसा, असे त्याने कधी विचारले नाही. अडाणी होता बिचारा.

आता रत्नमालाबाई कुरुद गावाच्या बाजूला स्नेहदीप वसाहतीत एकट्या राहत. वसाहत सुधारलेली होती. दिवाळीनंतर तिथल्या फाटकावर चेहरा ओळखणारे यंत्र बसले. नोंदणी सकाळी दहाला झाली, त्यामुळे रत्नमालाबाई यंत्रात दोन्ही डोळ्यांनी शिरल्या. त्याच संध्याकाळी, रोज पापड लाटायला जात त्या शकुबाईंकडून परतल्या, तेव्हा यंत्र म्हणाले, "अनोळखी स्त्री."

पहारेकरी बिसाहू अहिवारा गावचा, तिकडच्या बोलीत आईला 'दाई' म्हणणारा. तो ओशाळून म्हणाला, "दाई, मशीन ह तोला नइ चिन्हत हे."

"तू तं ओळखतोस ना रे?"

"मोर चिन्हे ले का होही, दाई? फाटक मशीन के हाथ म हे."

एवढ्यात रत्नमालाबाईंचाच फोन वाजला. 'आपल्याकडे एक अनोळखी स्त्री आली आहे. प्रवेश द्यावा?' खाली 'हो' आणि 'नाही' होते. त्यांना दोन 'हो' आणि दोन 'नाही' दिसले. त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात दाबला, उरलेला 'हो' दाबला आणि स्वतःच्या परवानगीने स्वतःच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या. वर स्वतःसाठी चहाही ठेवला.

हे बावीस दिवस चालले. तेविसाव्या दिवशी नोटीस आली. यंत्राच्या नोंदीनुसार मालकीण रत्नमाला लांजेवार बावीस वेळा बाहेर गेल्या होत्या आणि एकदाही परतल्या नव्हत्या. उलट बावीस अनोळखी स्त्रिया त्यांच्या घरात शिरल्या होत्या आणि एकही बाहेर आली नव्हती. सबब, मालकिणीने घर सोडले असून त्यात विनापरवाना भाडेकरू भरले आहेत असे समितीचे मत झाले. सात दिवसांत घर रिकामे करावे, अन्यथा कुलूप ठोकण्यात येईल. नोटीस 'सर्व पाहुण्यांस' उद्देशून होती.

रत्नमालाबाईंनी ती दोनदा वाचली. हे घर हिरालाल यांच्या हयातीतले शेवटचे काम होते. ओट्याची उंची त्यांनी बायकोला उभी करून मोजली होती. रात्रभर झोप झाल्याने रत्नमालाबाईंचे दोन्ही डोळे सताड उघडे होते, पण नोटिशीवरची सुनावणी संध्याकाळी सातला होती.

"सकाळी ठेवा ना बापा," त्यांनी फोनवर विनंती केली.

"समितीची वेळ संध्याकाळचीच असते," उत्तर आले.

फाटकाशेजारच्या खोलीत समितीची सभा भरली. सचिव विजयकुमार मधोमध बसले होते. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तरी फाईल समोर असल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. रत्नमालाबाईंना ते दोन दिसले. एक पुरे होता.

"आपण पाहुण्या क्रमांक किती?" विजयकुमारांनी विचारले.

"विजय, मी रत्नमाला. तुह्या लग्नात तुले हळद मीच लावली ना रे!"

विजयकुमार जरा हळू आवाजात म्हणाले, "ती सकाळी लावली होती, काकू. सकाळच्या रत्नमालाबाईंबद्दल समितीला कसलीच शंका नाही."

"कावून असा करून राहिला? डॉक्टरचा कागद आणला मी."

कागद फिरला. 'दिवसअखेर लक्षणे वाढतात' हे वाक्य समितीने अधोरेखित केले. आजार रत्नमाला लांजेवार यांना आहे, आणि त्या तर बेपत्ता आहेत, तेव्हा कागद त्या परतल्यावर त्यांनाच देण्यात यावा, असे ठरले.

मग रत्नमालाबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पापणीवर बर्फ ठेवून पाहिला होता, आणि थंडाव्याने ती थोडा वेळ वर गेली होती. त्यांनी बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून डोळ्यावर धरला. समितीने घड्याळात दोन मिनिटे मोजली. पापणी हळूहळू वर सरकली. रत्नमालाबाई बाहेर जाऊन फाटकावरच्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या.

"स्वागत आहे, रत्नमालाजी!" यंत्र म्हणाले.

टाळ्या पडल्या. विजयकुमारांनी नोंद केली: मालकीण सात वाजून वीस मिनिटांनी परतल्या. पाच मिनिटांत पापणी पुन्हा उतरली. यंत्र म्हणाले, "अनोळखी स्त्री."

"हे काय?" विजयकुमार दुखावले. "सभा सोडून निघूनही गेल्या?"

शेवटी बिसाहू दारातून म्हणाला, "साहब, दाई ल छोड़व, मशीन ल समझावव." समितीला ही कल्पना समितीचीच वाटली आणि तसा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या कंपनीचा मोहित आला. एकट्या माणसासाठी वेगळी सोय यंत्रात नव्हती. सोय सर्वांसाठी सारखीच करता येत होती. त्याने यंत्राला शिकवले की सायंकाळी सहापासून या वसाहतीतल्या रहिवाशाचा डावा डोळा मिटलेला असतो. त्या संध्याकाळी यंत्राने रत्नमालाबाईंना नावाने आत घेतले. त्यांनी घरी जाऊन हिरालाल यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. घर वाचले होते.

बाकीची वसाहत भाजीच्या पिशव्या घेऊन फाटकाबाहेर उभी होती. सगळ्यांचे दोन्ही डोळे उघडे होते. विजयकुमारांच्या पत्नी गीतांजली यांच्या फोनवर 'एक अनोळखी पुरुष आला आहे, प्रवेश द्यावा?' असे आले. त्या मालिका बघत होत्या. त्यांनी 'नाही' दाबले.

ठराव बदलायला सर्वसाधारण सभा हवी, आणि ती मार्चमध्ये. तोवर करायचे काय? सोपे होते. लोकांनी डावा डोळा मिटला. पहिल्या आठवड्यात हसले, दुसऱ्यात सवय झाली, तिसऱ्यात सोय लक्षात आली. फाटकाच्या डाव्या हाताला महिनाभराचा कचरा साठला होता. तो दिसेनासा झाला. त्याच्या पलीकडे विजयकुमारांनी सार्वजनिक बागेत स्वतःच्या गाडीसाठी पत्र्याची शेड उभारली होती. तीही दिसेनाशी झाली. मार्चच्या सभेत ठराव बदलण्याचा विषय निघालाच नाही.

याच सुमारास रत्नमालाबाईंच्या गोळ्या लागू पडल्या. एप्रिलच्या एका संध्याकाळी त्या परतल्या, तेव्हा पापणी जागच्या जागी होती. फाटक एक दिसले, कचरा दिसला, शेड दिसली, शेडपाशी उभे असलेले विजयकुमारही एकच दिसले. कितीतरी महिन्यांनी संध्याकाळ अशी पुरी दिसत होती. त्या हसतच यंत्रासमोर गेल्या.

"अनोळखी स्त्री," यंत्र म्हणाले.

"अरे, डोळा बरा झाला माझा!" त्या ओरडल्या. "विजय, पाहून राहिला ना?"

विजयकुमारांनी इकडे पाहिले. त्यांचा डावा डोळा मिटलेला होता. "काकू, आता बरं होऊन कसं चालेल? तुमच्यासाठीच तर सगळी व्यवस्था केली."

मागे रांग वाढत होती. कोणीतरी म्हणाले, "आजी, जल्दी करो ना, दूध फाटेल."

बिसाहू जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "एक आँखी ल मूँद ले, दाई. सब्बो झन मूँदथें."

रत्नमालाबाईंनी एकदा शेडकडे नीट बघून घेतले. मग बरा झालेला डोळा स्वतःच्या हाताने मिटला आणि आपल्या घरी गेल्या.

हे वाचून ज्यांना हसू आले, त्यांनी आज संध्याकाळी आपल्या फाटकातून आत शिरताना एवढेच पाहावे, की आपण कोणता डोळा मिटला आहे. उजवा असल्यास समितीला लेखी कळवावे. नियमात डावा आहे.